मुलांना मध्ययुगात न्यायचे तर कोणत्या वाटेने?

आजच्या मुलाला मध्ययुगात नेणारा आणि घरातल्या सर्वांनी मिळून पाहावा असा एकच चित्रपट निवडायचा असेल, तर माझ्या मते खरी निवड दोघांमधूनच करावी लागते: डिस्नेने १९९५ मध्ये आणलेला ‘अ किड इन किंग आर्थर्स कोर्ट’ आणि थेया बेकमन यांच्या डच कादंबरीवरून बेन सोम्बोगार्ट यांनी दिग्दर्शित केलेला २००६ चा ‘क्रुसेड इन जीन्स’.

पहिला सुटसुटीत आहे. बेसबॉल खेळणारा कॅल्विन भूकंपाने दुभंगलेल्या जमिनीतून थेट आर्थरच्या राज्यात पडतो आणि दीड तासात सारे मार्गी लागते. जॉस ॲकलंड यांचा थकलेला राजा लक्षात राहतो. शिवाय ‘टायटॅनिक’पूर्वीची केट विन्स्लेट आणि बॉण्ड होण्यापूर्वीचा डॅनियल क्रेग यांना पाहण्याची मोठ्यांना वेगळीच मौज आहे.

माझे घोडे अडले ते कॅल्विनच्या वस्तूंपाशी. तो सीडी वाजवतो, दरबार थक्क होतो. स्विस चाकू उघडतो, पुन्हा थक्क. चाकांचे बूट आले की तिसऱ्यांदा तेच. माझ्या मुलीने शेवटी विचारले, “बाबा, तेव्हाची माणसं एवढी बावळट होती का?” राजगडाची तटबंदी हात लावून पाहिलेल्या मुलीला हा प्रश्न पडावा, हे मला फार खटकले, आणि पुढचा चित्रपट मी त्याच प्रश्नाच्या चष्म्यातून पाहिला. विनोदी चित्रपटाकडून मी जास्त अपेक्षा ठेवली, असे कोणी म्हटल्यास मी वाद घालणार नाही.

‘क्रुसेड इन जीन्स’मधला डॉल्फ हरलेला फुटबॉल सामना पुन्हा खेळता यावा म्हणून आईच्या प्रयोगशाळेतल्या कालयंत्रात शिरतो आणि १२१२ मध्ये, ‘मुलांचे धर्मयुद्ध’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या विलक्षण यात्रेत जाऊन पडतो. त्या तांड्यात प्रौढ गोरगरीबही बरेच होते, असे इतिहासकार मानतात. चित्रपटाने मुलांवरच भर दिला आहे, ते समजण्यासारखे आहे. येथे भविष्यातून आलेल्या मुलालाच तिथली एक मुलगी वाचवते. समुद्र दुभंगून जेरुसलेमची वाट मोकळी होईल, या श्रद्धेने आल्प्स ओलांडणारी मुले भोळी आहेत, पण मूर्ख वाटत नाहीत. त्यांच्या भोळेपणावर जिनोआत गुलामांचा सौदा करू पाहणारी मोठी माणसे मात्र पुरती ओळखीची वाटतात.

हा चित्रपट जड आहे, लांबही आहे, आणि त्यात मुले दगावतात. त्यामुळे घरात अगदी लहान मूल असेल तर आर्थरचा दरबारच बरा. नऊ-दहा वर्षांपुढच्या मुलांसाठी मात्र मी डॉल्फलाच पुढे करीन. फक्त तो रात्री उशिरा लावू नये, कारण आमच्याकडे चित्रपट संपल्यावर त्या मुलांचे पुढे काय झाले, यावरून झोपेची वेळ कधीच टळून गेली होती.