कागदावरचा पलंग आठ मिलिमीटरने लहान होता

नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत एकतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्शनला काढली. दोन शतांश मिलिमीटर जास्त भरलं म्हणून माल परत पाठवायचो. मी रिटायर झालो त्या दिवशी एका सप्लायरने पेढे वाटले म्हणतात. आणि अशा मला एका पोराने वाढीव खोलीचं साधं ड्रॉइंग दाखवून दोन लाख पंच्याऐंशी हजारांना गंडवलं. तीन महिने कुणाला सांगितलं नाही, लाज वाटत होती. पण गेल्या आठवड्यात पाथर्डी फाट्याला एका ओळखीच्यांकडे चहाला गेलो, तर टीपॉयवर तसाच गुळगुळीत रंगीत कागद. टोकन देऊन झालं होतं, पुढचे पैसे सोमवारी द्यायचे होते. तेव्हा म्हटलं, लिहावंच.

आमचं रो हाऊस इंदिरानगरला, १९९८ सालचं. खाली हॉल, स्वयंपाकघर, एक खोली. वर मागच्या बाजूला एक बेडरूम आणि पॅसेजमधून दार असलेलं बाथरूम. पुढच्या बाजूला हॉलच्या डोक्यावर उघडी गच्ची, वीस बाय चौदा फूट. तोंड पूर्वेला, उत्तर-दक्षिणेला शेजाऱ्यांशी सामाईक भिंती. मुलगा पुण्याहून इकडे बदली घेणार, सूनबाई घरून काम करणार, म्हणून गच्चीवर मोठी बेडरूम, तिला लागून ड्रेसिंग आणि आतूनच दार असलेलं बाथरूम काढायचं ठरलं. सूनबाई त्याला ‘मास्टर स्वीट’ म्हणते. आमची ही पहिल्या दिवशी म्हणाली, ‘गोड कशाला, नुसती बरी झाली तरी पुरे.’

नंबर मिळाला जॉगिंग ट्रॅकवरच्या मित्राच्या भाच्याकडून. चौकशी एवढीच. कार्डावर ‘आर्किटेक्ट अँड इंटेरिअर’. वय पस्तिशीच्या आसपास, बोलणं इतकं मऊ की लोणी लाजेल. मला काका, हिला काकू. आला तो बूट बाहेर काढून आधी देवघराला नमस्कार. आमचं देवघर हॉलच्या ईशान्य कोपऱ्यात आहे, त्याचं त्याने भरभरून कौतुक केलं. टेप घेऊन गच्ची मोजली, तीही नीट मोजली. आकडे आजही बरोबर आहेत. हे मुद्दाम सांगतोय, कारण फसवणारा सगळंच खोटं करत नाही.

आठ दिवसांनी ए-थ्री आकाराचा प्लॅन आणला, खाली १:५० असं प्रमाण (म्हणजे खऱ्या मापाचा पन्नासावा भाग), सोबत टॅबवर थ्री-डी चित्रं. पडद्यातून कोवळं ऊन, पांढरी शुभ्र चादर, पायथ्याशी सोफा, बाजूला लिहायचं टेबल, भिंतभर कपाट आणि तरी मधे ऐसपैस फिरायला जागा. ‘काकू, मास्टर बेडरूम अगदी नैऋत्येला बसवलीय, घरातल्या कर्त्या माणसाची दिशा.’ झालं, ही खूश. मुलाने फोनवर चित्रं पाहून अंगठा पाठवला. मी चष्मा लावून कागद पाहिला, भिंतींची मापं बेरजेला तपासली, जुळली. कागद बाजूला ठेवला. भिंती तपासल्या, सामान तपासलं नाही. पलंगावर कुणी माप लिहीत नाही हो!

पैसे तीन हप्त्यांत गेले. प्लॅन आणि थ्री-डीचे चाळीस हजार. मग ‘महापालिकेचं शुल्क’ पंच्याण्णव हजार, ‘आमच्या लायसन्समधूनच चलन निघतं’ म्हणून त्याच्या बायकोच्या खात्यावर. त्यानंतर पंधरा दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर परवानगीचं पत्र आलं. शिक्का, जावक क्रमांक, सही, सगळं होतं. शेवटचे दीड लाख सळई-सिमेंटच्या बुकिंगचे. हे देताना मी जरा अडलो होतो. तेव्हा त्याने सिंहस्थ काढला. ‘काका, २०२७ च्या कुंभाची कामं सुरू झाली की सेंट्रिंगवाला मिळणार नाही, मजूर मिळणार नाही, सळई कुठे जाईल सांगता येत नाही. आत्ता दोन टन बुक करू.’ नाशिककराला कुंभाचं कारण लगेच पटतं. रस्ता खणलेला असो की भाजी महागलेली, आम्ही मान डोलावतोच. बाकी गच्चीएवढ्या दोनशे ऐंशी चौरस फुटांच्या स्लॅबला टनभर, फार तर सव्वा टन सळई पुरते, हे मला नंतर कळलं.

काम सुरू व्हायचा दिवस तीनदा पुढे गेला. आधी मिस्त्री गावी, मग अवकाळी पाऊस, मग त्याच्या सासऱ्यांचं ऑपरेशन. दरम्यान आमची पाण्याची टाकी गळत होती म्हणून जुने मिस्त्री आले, घर बांधलं तेव्हापासूनचे. कौतुकाने त्यांना कागद दाखवला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, ‘साहेब, संडासचा पाईप कुठून नेणार?’

मी म्हटलं, मागच्या डक्टमध्ये, पाईप उतरवलेत त्या उभ्या पोकळीत.

‘डक्ट तिकडं मागं. हे बाथरूम तर पार पुढच्या कोपऱ्यात. मधे खोली. आणि याच्या खाली काय आहे?’

खाली काय आहे हे माझ्याआधी हिच्या लक्षात आलं. पुढचा उत्तरेकडचा कोपरा. खाली देवघर. ही काही न बोलता आत निघून गेली. त्या दिवशी जेवणात मीठ नव्हतं आणि मी मागितलंही नाही.

संध्याकाळी खडूचा डबा घेऊन गच्चीवर गेलो. कागदावरची खोली जमिनीवर खऱ्या मापाने आखली. पलंगाच्या लांबीच्या दिशेला भिंतीपासून भिंतीपर्यंत साडेदहा फूट. किंग साईझची गादी सहा बाय साडेसहा, ती आखली. समोर कपाट दोन फूट खोल, तेही आखलं. मधे उरले दोन फूट. उशाकडच्या फळीचे तीन-चार इंच धरले तर वीस-एकवीस इंच. कपाटाचं दार उघडलं की माणूस पलंगावरच बसणार. सोफा तर ठेवायचा कुठे, खिडकीबाहेर? आणि कागदावर याच पट्ट्यात चार फूट मोकळी जागा दिसत होती.

मग मात्र जुनी सवय जागी झाली. कपाटातून व्हर्निअर काढला, मिलिमीटरचेही भाग मोजणारं आमचं मापाचं हत्यार. १:५० च्या कागदावर साडेसहा फुटांची गादी साधारण चाळीस मिलिमीटर यायला हवी. भरली बत्तीस. म्हणजे पलंग सव्वापाच फुटांचा, सातवी-आठवीतलं पोरगंही पाय दुमडून झोपेल. कपाट बारा मिलिमीटर यायला हवं, ते साडेसात भरलं, म्हणजे पंधरा इंच खोल. शर्टाचा हँगर सतरा-अठरा इंचांचा असतो, तो त्यात आडवा मावतच नाही. भिंती खऱ्या, दारं खरी, पण सामान सगळं बाहुल्यांचं. खोली मोठी दाखवायला भिंती ताणाव्या लागत नाहीत, पलंग आखडला की झालं. ही युक्ती मला आधी कुणी सांगितली असती तर दीड लाख तरी वाचले असते.

तेवढ्यात ही वर आली. कागद हातात घेऊन कोपऱ्यातल्या उत्तर दिशेच्या बाणाकडे बघत राहिली. म्हणाली, ‘रस्ता पूर्वेला आहे ना आपला? इथे दक्षिणेला दाखवलाय.’ बाण पाव फेरी फिरवलेला होता. आमची आग्नेय म्हणजे त्याची नैऋत्य! मी रोज सकाळी त्याच गच्चीवर उभं राहून सूर्याला पाणी घालतो, आणि सूर्य कुठून उगवतो हे मला एका कागदाने विसरायला लावलं. माझा स्वतःचा वास्तूवर फारसा विश्वास नाही, पण ज्यावर हिचा विश्वास आहे नेमकं तेच हेरून त्याने फिरवलं, याचा राग पैशांपेक्षा जास्त आहे.

दुसऱ्या दिवशी एका नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरना फी देऊन घरी आणलं. ही फी आधी दिली असती तर बाकीची कहाणी घडलीच नसती. त्यांनी तासाभरात प्लॅनची चाळण केली. ड्रेसिंगची साडेचार इंची भिंत त्याने स्लॅबच्या मधोमध उभी केली होती, खाली बीम नाही. प्लॅस्टरसकट दहा फूट उंचीच्या अशा विटांच्या भिंतीचं वजन फुटाला अडीचशे किलोच्या घरात जातं, आणि खाली आमचा हॉल. बाथरूमच्या फरशीखाली पाईप आणि ट्रॅप बसवायला स्लॅब खाली घ्यावा लागतो, त्याला मिस्त्री ‘सनकन’ म्हणतात. आमचा स्लॅब गच्चीचा, सपाट. डक्टपर्यंत बावीस फूट अंतर. मैल्याच्या पाईपला चाळीसला एक उतार धरला तरी साडेसहा इंच उतारातच गेले, वर चार इंची पाईपची जाडी. म्हणजे एकतर बाथरूमला दोन पायऱ्या चढून जायचं, नाहीतर पाईप हॉलच्या छताला लटकवायचा. शिवाय बाथरूमचा झरोका उत्तरेच्या सामाईक भिंतीत, म्हणजे शेजारच्या वहिनींच्या वाळवणावर. प्लॅन कुठल्यातरी सुट्या बंगल्याचा उचलून आमच्या मापात कोंबलेला होता, हे त्यांनी त्या झरोक्यावरूनच ओळखलं.

मग शरणपूर रोडला राजीव गांधी भवनात नगररचना विभागात गेलो. पत्रावरचा जावक क्रमांक त्यांच्या नोंदीत नव्हता. तिथल्या माणसाने शांतपणे सांगितलं, शुल्क भरलं की पावती मालकाच्या प्रस्तावावर निघते, पैसे महापालिकेच्या खात्यात जातात, कुणाच्या बायकोच्या नाही. आणि ते पत्र खरं समजून बांधलं असतं तर बांधकाम अनधिकृत ठरून नोटीस मला आली असती, त्याला नाही.

उरली त्याची ‘आर्किटेक्ट’ ही पदवी. १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंद असल्याशिवाय ही पदवी लावता येत नाही. नोंदणी क्रमांक ‘सीए’ अक्षरांनी सुरू होतो, पुढे नोंदणीचं वर्ष असतं, आणि कौन्सिलच्या संकेतस्थळावर तो कुणालाही शोधता येतो. त्याच्या शिक्क्यावर क्रमांक होता. टाकून पाहिला तर नाव एका बाईंचं, दुसऱ्याच शहरातल्या. पाच मिनिटांचं काम, मी चार महिन्यांनी केलं. तसं लहान घराला आर्किटेक्टच हवा असंही नाही, महापालिकेकडे परवाना असलेला इंजिनिअरही चालतो. पण जो कोण असेल त्याचा क्रमांक त्याच्याच नावाचा आहे ना, एवढं बघायला हवं.

त्याच्या ऑफिसला गेलो, गंगापूर रोडला. काचेची केबिन महिन्याच्या भाड्याने घेतलेली, आता तिथे क्लासवाले होते. फोनवर आधी ‘काका गैरसमज होतोय’, मग ‘सामान फक्त अंदाजासाठी काढतात’, मग बंद. पोलिसात अर्ज दिला, वकिलांनी त्यात भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ लिहायला सांगितलं. अर्जाची पोच त्याच्या बायकोच्या नंबरवर पाठवल्यावर तिसऱ्या दिवशी पस्तीस हजार परत आले, एक अक्षरही न लिहिता. बाकी अडीच लाख अजून बाहेर आहेत. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातोय. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. वकिलांनी मूळ कागद, बँकेच्या नोंदी आणि व्हॉट्सअ‍ॅपचं संभाषण काही न पुसता जपून ठेवायला सांगितलंय. मी त्या कागदावर पेन्सिलीने माझी मापं लिहून बसलो होतो, त्याबद्दल बोलणी खाल्ली. आता झेरॉक्सवर लिहितो.

खोलीचं म्हणाल तर इंजिनिअरसाहेबांनी प्रश्नच उलटा केला. नवं बाथरूम बांधायचंच कशाला? मागची जुनी बेडरूम आणि तिच्या शेजारचं बाथरूम, दोन्ही डक्टला चिकटून आहेत. बाथरूमचं पॅसेजकडचं दार बुजवायचं आणि बेडरूममधून काढायचं. पॅसेजचा उरलेला तुकडा ड्रेसिंगला, कपाटाला सरकती दारं. पलंगाच्या दोन्ही बाजूंना अडीच फूट राहतात, हे मी स्वतः खडूने आखून, कपाटाच्या रेघेसमोर उभं राहून पाहिलं. गच्चीवर पुढे फक्त सूनबाईच्या कामाची हलकी खोली, पाणी-पाईप काही नाही. त्याचा प्रस्ताव रीतसर टाकलाय, पावती माझ्या नावावर आहे.

पाथर्डी फाट्याच्या त्या ओळखीच्यांनी सोमवारचे पैसे दिले नाहीत. त्यांचा कागद आणायला गेलो तेव्हा खिशात व्हर्निअर होताच. बत्तीस.