एनसी, पीयू की तेल-लाख? जोडलेल्या गिटारला पॉलिश ठरवताना

बॉडी आली, नेक (तारा दाबायचा लांब दांडा) आला, पिकअप (तारांची कंपनं टिपणारे चुंबकी भाग) कपाटात पडून आहेत आणि घोडं अडलंय ते पॉलिशवर. सुट्या भागांतून इलेक्ट्रिक गिटार जोडणारा जवळजवळ प्रत्येक जण इथे येऊन थांबतो. पिकअप कुठला, लाकूड कुठलं, यावर रात्र रात्र वाद घालणारा माणूस हार्डवेअरच्या दुकानात जाऊन विचारतो, "याला काय मारू?" आणि दुकानदार हाताशी असेल तो डबा पुढे करतो.

मी आतापर्यंत चार गिटारी जोडल्या. दोन एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरच्या, एक पीयूची (पॉलियुरेथेन), एक तेल-लाखेची. त्या जोरावर हे लिहितोय.

आवाजाचा मुद्दा मी हिशेबात धरलेला नाही. नायट्रो, म्हणजे एनसी, "श्वास घेतं", त्याखाली लाकूड मोकळं वाजतं, हे ऐकायला छान वाटतं. पण भरीव बॉडीच्या गिटारमध्ये पॉलिशच्या पातळ थराने पडेल तो फरक पिकअपची उंची जराशी बदलल्यावर पडणाऱ्या फरकापुढे कुठल्या कुठे जातो. क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी १९६३ मध्ये वडिलांसोबत गिटार करायला घेतली, नेक जुन्या शेकोटीच्या महोगनीतून कोरला आणि तिला फर्निचरवर लावतात तसलं प्लास्टिक कोटिंग दिलं. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांनी सुटी बॉडी आणि सुटा नेक जोडून वर चिकटपट्टीचे पट्टे आखत सायकलचा रंग मारला. दोघांच्या आवाजाबद्दल तक्रार ऐकिवात नाही.

मग ठरवायचं कशावर? तुमच्या गावची हवा, तुमची जागा आणि ओरखडा पडल्यावर तुमचा जीव किती जळतो, या तीन गोष्टींवर.

एनसी: सोपं, पण हवेच्या मर्जीतलं

एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज. १९२० च्या दशकात ड्युपाँट कंपनीने 'ड्युको' नावाने तेच गाड्यांसाठी आणलं. आपल्याकडचे जुने पेंटर अजूनही गाडीच्या कुठल्याही रंगाला ड्युको म्हणतात, ते त्यामुळेच. गिटारी बनवणाऱ्या अमेरिकेच्या फेंडर कंपनीने पुढे गाड्यांचेच रंग गिटारींवर आणले. तिचा प्रसिद्ध 'फिएस्टा रेड' हा मुळात फोर्ड थंडरबर्ड गाडीचा लाल.

आपल्याकडे फर्निचरच्या धंद्यामुळे सँडिंग सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा पहिला थर), एनसी क्लिअर (बिनरंगी लॅकर) आणि थिनर कुठेही मिळतं. हे लॅकर फक्त थिनर उडून वाळतं. त्यामुळे नवा हात मारला की तो खालच्या थराला थोडं विरघळवून त्यात मिसळतो. नवशिक्यासाठी याहून मोठी सोय नाही. ओघळ आला, माशी चिकटली, तर वाळू द्या, घासा, पुन्हा मारा; जोड दिसत नाही. दोन वर्षांनी टवका उडाला तरी तसंच.

आता दुसरी बाजू. माझी पहिली बॉडी मी ठाण्यात, गॅलरीत, जुलैत मारली. दहा मिनिटांत काळ्या रंगावर दुधाची साय धरावी तसा पांढरा थर आला. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर बसून लॅकरमध्ये अडकतं. उपाय आहे: सावकाश उडणारा रिटार्डर थिनर मिसळायचा, किंवा कोरड्या दिवशी वरून नुसत्या थिनरचा हलका फवारा द्यायचा, बहुतेक वेळा पांढरेपणा निघून जातो. पण कोकणपट्टीत पावसाळ्यात हा खेळ रोजचाच. नगर-सोलापूरकडच्या माणसाला हे दुखणं बरंच कमी.

दुसरं म्हणजे वेळ. हाताला कोरडं लागलं तरी लॅकर आत अजून आकसत असतं. शेवटचा हात मारल्यावर तीन-चार आठवडे बॉडी टांगून ठेवा आणि मगच हजार-दोन हजार नंबरच्या पाणीपेपरने घासून रबिंग करा. मी दहाव्या दिवशी घासली होती. महिन्याभरात लाकडाचे रेषे वर डोकावायला लागले.

एनसी वर्षांनी पिवळं पडतं. पांढरी गिटार सायीच्या रंगाची होते. काहींना तेच हवं असतं. गिटार स्टँडच्या काही रबरांनी त्यावर चिकट डाग पडतात, तेव्हा स्टँडला सुती कापड गुंडाळा. आणि हे भडकणारं द्रव्य आहे. स्वयंपाकघराला लागून असलेल्या गॅलरीत मारताना गॅस, देवघरातला दिवा, उदबत्ती, सगळं आधी बंद.

पीयू: दुसऱ्याकडून करून घ्यायची गोष्ट

पीयूत डबे दोन. रंगात हार्डनर मिसळला की दोघांची रासायनिक बांधणी होते आणि जे तयार होतं ते थिनरलाही दाद देत नाही. घाम, टेकलेलं कोपर, पट्ट्याचं बक्कल, सगळं सोसतं. पावसाळ्यात एनसीइतकं रडत नाही. चमक काचेसारखी, तीही पंधरवड्याच्या आत.

पण हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो आणि एकदा शरीर त्याला विटलं की पुढे थोडासा वाससुद्धा त्रास देतो. साध्या कापडी मास्कवर घरात पीयू मारू नका. या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

शहाणपणाचा रस्ता म्हणजे घासून तयार केलेली बॉडी गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे देणं. त्याच्याकडे बूथ असतो, गन असते, हात बसलेला असतो. फक्त सूचना नीट द्या, कारण त्याला पत्र्याची सवय. माझ्या पेंटरने प्रेमाने लांबी (पुट्टी) भरली, भरपूर क्लिअर मारलं आणि बॉडीतली नेक बसवायची खाचही रंगवून दिली. फेंडर पद्धतीच्या नेकची टाच (खाचेत बसणारं टोक) साधारण ५६ मिलिमीटर रुंद असते आणि खाच तेवढीच घट्ट. दोन्ही भिंतींवर रंगाचा जाड थर बसला की नेक आत जाईना. दाबून बसवला तर कोपऱ्यात रंग तडकतो. अख्खी दुपार ब्लेडने खरवडण्यात गेली.

पीयूवर टवका उडाला तर नवा थर जुन्यात मिसळत नाही, कडा दिसते. सुपरग्लूचा थेंब भरून घासणं हाच घरगुती इलाज.

तेल आणि लाख: फ्लॅटमध्ये राहणाऱ्याचं

लाख आपल्याच मातीतली. पळस, कुसुम, बोरीवरच्या किड्यांची ही देणगी. गोंदिया-गडचिरोलीतही तिचं उत्पादन होतं. मिरजेचे सतारमेकर सतार-तंबोऱ्यांना लाखेचंच पॉलिश करत आले आहेत. स्पिरिटमध्ये लाख विरघळवायची, मलमलीत कापसाचा बोळा गुंडाळून पातळ हात चढवत जायचे. गन नको, कंप्रेसर नको, शेजाऱ्यांची कटकट नाही. पण घामट हाताखाली, गरम कपाखाली, सांडलेल्या दारूखाली लाख टिकत नाही. वाजवताना जिथे मनगट घासतं तिथे ती वर्षभरात निस्तेज होते.

म्हणून मी लाख वरून कमी आणि खालून जास्त वापरतो. सागवान, शिसवी ही तेलकट लाकडं. त्यांच्यावर थेट पीयू मारलं तर कधी कधी नीट वाळतच नाही. आधी मेण काढलेल्या लाखेचे दोन हात दिले की ते तेल अडतं.

तेल त्याहून सोपं: जवस किंवा टंग तेलावर आधारलेलं फिनिश चोळायचं, जादा पुसायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. सागवानावर याच्यासारखं काही दिसत नाही. मात्र पक्का रंग हवा असेल तर तेल बाद, आणि पोच लगेच पडतात. तेलाचे बोळे चुरगळून कचऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवा.

इथे किटवाल्यांना, म्हणजे सगळे भाग एकाच खोक्यात घेणाऱ्यांना, एक धोक्याची सूचना. स्वस्त किटच्या बॉडीवर बऱ्याचदा कारखान्यातच सीलर मारलेला असतो. दिसत नाही, पण त्यावर ना स्टेन (लाकडात मुरणारा रंग) चढतो ना तेल. तेलाचं मन असेल तर कोरी बॉडी सुटी घ्या. किट घेतलंच असेल तर सरळ एनसी किंवा पीयूचा पक्का रंग.

नेकचा विचार वेगळा करा. मेपलचा नेक कोरा ठेवू नका. ओलावा पिऊन वाकतो. शिसवी फिंगरबोर्डला (नेकवरची, बोटं टेकतात ती पट्टी) काहीच लागत नाही. नेकच्या मागे एनसी मुंबईच्या घामात चिकट लागतं, म्हणून मी तिथे तेल आणि वर मेण लावतो. तेल ओलावा पूर्ण अडवत नाही, त्यामुळे पावसाळ्यात ट्रसरॉड (नेकचा बाक सरळ करणारी आतली सळई) एकदा फिरवावा लागतो. एवढं चालत नसेल तर मॅट पीयू.

मला कुणी विचारलं तर: पहिली गिटार, रंगीत, घाई नाही, तर एनसी. रोज स्टेजवर नेणार असाल तर पीयू, पेंटरकडून. सुंदर रेषांचं लाकूड आणि दोन खोल्यांचं घर, तर तेल.

आणि महिना बघा. जूनमध्ये भाग हातात आले असतील तर पावसाळाभर गिटार एकदा कोरीच जोडून घ्या. ब्रिजची (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) भोकंही तेव्हाच पाडा. जुन्या फेंडर मापाच्या ब्रिजवर तारांची रुंदी साधारण ५६ मिलिमीटर असते, स्वस्त ब्रिजवर बऱ्याचदा ५२.५, आणि हा घोळ रंगानंतर कळला तर रडू येतं. मग सगळं खोला आणि ऑक्टोबर हीटची वाट बघा. मारताना नेकच्या खाचेत लाकडाची एक लांब पट्टी स्क्रूने आवळा. बॉडी धरायला मूठ होते, टांगायला जागा मिळते आणि खाचेच्या तळाला रंग लागत नाही. भिंतींना तेवढी चिकटपट्टी लावा.