पोलिसांच्या हयगयीवरचा सहा आठवड्यांचा वर्ग : पूर्ण करून लिहिते आहे

घरात मार खाणाऱ्या बायकांचे फोन घ्यायचं काम मी अकरा वर्षं करते. ‘पोलिसांना कळवलं होतं हो, पण ते आलेच नाहीत,’ हे इतक्यांदा ऐकलं की, अशा वेळी पोलिसांना जाब कोण आणि कसा विचारतो हे नीट शिकून घ्यावंसं वाटलं. म्हणून हा ऑनलाइन वर्ग लावला. आठवड्याला दोन तास, शिकवायला एक वकीलबाई, आणि दर वेळी जगातला एखादा गाजलेला खटला.

तिसऱ्या आठवड्यासाठी तरी हा वर्ग कराच. त्यात मायकल खटला होता. २००९ मध्ये ब्रिटनमधल्या कार्डिफ शहरात जोआना मायकल या तरुणीनं पहाटे २.२९ला पोलिसांना फोन केला. आधीच्या जोडीदारानं घरात शिरून तिचा कान चावला होता आणि तो परत येणार होता. तिचा मोबाइल शेजारच्या ग्वेंट पोलिसांच्या टॉवरला लागला. त्यांनी ‘ताबडतोब’ असा शेरा मारून निरोप कार्डिफ ज्यांच्या हद्दीत येतं त्या साउथ वेल्स पोलिसांकडे दिला, पण जिवे मारण्याच्या धमकीचा त्यात उल्लेखच नव्हता. फोन घेणारीनं नंतर सांगितलं की, आपल्याला फक्त फटकावण्याची धमकी ऐकू आली होती. साउथ वेल्स पोलिसांनी फोन ‘साठ मिनिटांत बघायचा’ अशा कमी तातडीच्या गटात टाकला. २.४३ला पुन्हा फोन आला, किंकाळी ऐकू आली. पोलिस २.५१ला पोचले, तोवर तिचा खून झाला होता.

बाईंनी २.२९ला थांबवून आम्हाला निरोप लिहायला लावला. मी लिहिलं, ‘तो परत येऊन मारणार आहे म्हणते.’ बाईंनी ते वाचून एवढंच विचारलं, ‘मारणार म्हणजे काय करणार?’ मराठीत हात उगारणं आणि जीव घेणं दोन्ही ‘मारणं’च. त्या रात्री माझ्या जुन्या वह्या काढल्या. ‘नवरा मारेन म्हणतो’ अशा नोंदी पानोपानी. त्यांतल्या कुणाच्या जिवावर बेतलं होतं, हे आज माझं मलाच सांगता येत नाही.

हे इतकं का महत्त्वाचं, ते चौथ्या आठवड्यात उलगडलं. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानं १९९८च्या ऑस्मान खटल्यात कसोटी घालून दिली : जिवाला खरा आणि तातडीचा धोका आहे हे पोलिसांना ठाऊक होतं का, किंवा ठाऊक असायला हवं होतं का, आणि असेल तर हातात होतं तेवढं त्यांनी केलं का? म्हणजे पहिल्या नोंदीत धोका उतरला नाही, तर पुढे ‘आम्हाला कल्पना नव्हती’ म्हणायला वाट मोकळी. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये मायकल कुटुंबाचा निष्काळजीपणाचा दावा पाच विरुद्ध दोन मतांनी फेटाळला. जगण्याच्या हक्कावरचा दावा मात्र चालू दिला.

ओपुझ विरुद्ध तुर्कस्तान हा खटला ऐकताना मला कितीतरी ओळखीचे आवाज आठवले. लेकीच्या नवऱ्याविरुद्ध मायलेकी तक्रार द्यायच्या, धमक्या आल्या की मागे घ्यायच्या, आणि प्रकरण बंद व्हायचं. बायकोला सात वेळा भोसकल्याबद्दल त्या माणसाला फक्त दंड झाला, तोही आठ हप्त्यांत. २००२ मध्ये त्यानं सासूला गोळी घातली. २००९च्या निकालात युरोपचं तेच न्यायालय म्हणालं की, गुन्हा गंभीर असेल आणि धोका टळलेला नसेल, तर तक्रार मागे घेतली तरी सरकारनं खटला चालवण्याचा विचार करायला हवा. ‘बाईच तक्रार मागे घेते, आम्ही काय करणार?’ हे मी ठाण्यातल्या बाकड्यावर बसून ऐकलेलं आहे. त्याला उत्तर आहे, हे मला इथे कळलं.

अमेरिकेतल्या कॅसल रॉक गावच्या खटल्याचा पाठ ऐकवत नाही. १९९९ मध्ये नवऱ्याविरुद्ध कोर्टाचा संरक्षण आदेश हातात असलेली आई, बापानं नेलेल्या तीन मुलींसाठी रात्रभर पोलिसांना फोन करत राहिली, शेवटी स्वतः ठाण्यात गेली. मुली मारल्या गेल्या. आदेशाची अंमलबजावणी हा तिचा घटनादत्त हक्क नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी ठरवलं. २०११ मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगानं मात्र अमेरिकेलाच दोषी धरलं. बाईंनी हा पाठ घाई न करता शिकवला, मध्ये थांबू दिलं, त्याबद्दल त्यांचे आभार मानते.

उणिवाही आहेत. कुर्त विरुद्ध ऑस्ट्रिया हा युरोपच्या त्याच न्यायालयाचा २०२१चा निकाल शेवटच्या दहा मिनिटांत उरकला. पोलिसांनी फक्त बाईच्या सांगण्यावर न राहता धोका स्वतःहून आणि सर्व बाजूंनी तपासावा, हे त्यातच स्पष्ट केलंय. त्यावर अख्खा आठवडा हवा होता. शिवाय वाचायला दिलेले उतारे इतके जड होते की निम्म्या जणींनी ते सोडून दिले, आणि याच जणी रोज फोनवर असतात.

आता मी फोनवर ‘त्याचे नेमके शब्द सांगा’ म्हणते आणि ते जसेच्या तसे, अवतरणात, वेळ घालून लिहिते. पोलिसांना कळवलं असेल तर किती वाजता आणि कुणाला, तेही. वर्गाला नाव लावणार असाल तर असा निरोप लिहून घ्यायचा कोरा नमुना बाईंकडून आधी मागून घ्या. आम्हाला तो वर्ग संपल्यावर मिळाला.