राजा दिनकर केळकर संग्रहालय : घरातल्या वस्तूंचा इतिहास

पुण्याचा इतिहास म्हटला की शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आणि पेशव्यांच्या मोहिमा एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते. पण जुन्या काळची माणसे कशाच्या उजेडात जेवत होती, विड्याचे साहित्य कशात ठेवत होती आणि टाचा कशाने घासत होती, हे ज्याला जाणून घ्यायचे असेल, त्याने बाजीराव रस्त्यालगतच्या नातूबागेतील राजा दिनकर केळकर संग्रहालय अवश्य पाहावे.

'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी पत्नी कमलाबाईंच्या साथीने वीस हजारांहून अधिक वस्तू जमवल्या, लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचे नाव संग्रहालयाला दिले आणि १९७५ मध्ये हा सारा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. जागेअभावी त्यातील थोड्याच वस्तू दालनांत मांडता येतात, याची हळहळ वाटते. तरीही जे समोर आहे, तेच एका भेटीत पाहून संपत नाही.

माझ्या मते या संग्रहाचे खरे वैभव अडकित्ते, दिवे आणि वज्री यांत आहे. सुपारी कातरण्यापुरते एक पाते आणि दोन मुठी पुरेशा असताना कारागिराने त्या मुठींचे स्त्री-पुरुष केले, कुठे पोपट केले, कुठे घोडा केला. अडकित्ता मिटला की ती जोडी जवळ येते आणि उघडला की दूर होते. म्हणजे घडवणाऱ्याने केवळ आकाराचा नव्हे, तर वापरणाऱ्याच्या हाताच्या हालचालीचाही विचार केलेला असतो. वज्रीचेही तसेच. न्हाणीघरात टाचा घासण्याची ही वस्तू, तिची खालची बाजू खरखरीत असली म्हणजे काम भागते, पण वरच्या बाजूला मोर आणि हत्ती बसवल्याशिवाय घडवणाऱ्याचे समाधान झालेले दिसत नाही. या कारागिरांची नावे बखरींत सापडणार नाहीत, म्हणून त्यांच्या हातची ही कामे इतक्या निगुतीने जपली गेली, याचे मोल मला फार वाटते.

स्वयंपाकाची भांडी, दौती आणि कलमदाने यांच्यासमोर सावकाश थांबावे. शस्त्रांचे दालन मी भरभर पाहिले, कारण तलवारी इतरत्रही पाहायला मिळतात. वाद्यांच्या दालनासाठी मात्र वेळ राखून ठेवावा. कोथरूडहून अवशेष आणून येथे पुन्हा उभारलेला मस्तानी महाल पाहण्यासाठी अनेकजण मुद्दाम येतात आणि त्यातले लाकडी काम खरोखर देखणे आहे. परंतु तेवढाच पाहून परतणाऱ्याचा मोठा तोटा होतो.

एक गोष्ट आधी सांगितलेली बरी : येथील वस्तू केवळ पुण्याच्या नाहीत, गुजरात, राजस्थान आणि दक्षिणेकडूनही त्या आलेल्या आहेत, त्यामुळे शहराचा सनावळीनुसार इतिहास शोधणाऱ्याला तो येथे मिळणार नाही. वाड्यातल्या आणि सामान्य घरातल्या संसाराची ओळख मात्र येथे जशी होते, तशी पुण्यात अन्यत्र मला कुठे झाली नाही. मुलांना नेणार असाल, तर घरातील आजी-आजोबांनाही बरोबर घ्यावे. यातील कितीतरी वस्तू त्यांनी वापरताना पाहिलेल्या असतात आणि वस्तूशेजारच्या पाटीवर न मावणारी माहिती त्यांच्याकडून सहज मिळते.