हाडांचं प्रथिन की मानेची सोनोग्राफी?
इंदूरला राजवाड्याजवळ राहणाऱ्या आमच्या काकांना टाइप २ मधुमेह. धमन्या कडक होताहेत का, हे बघायला ऑस्टिओप्रोटेजेरिन या प्रथिनाची रक्तचाचणी करू की मानेतल्या धमन्यांची सोनोग्राफी, असं त्यांनी विचारलं.

ऑस्टिओप्रोटेजेरिन हाडांची झीज रोखतं, पण धमनीच्या भिंतीतही बनतं. धमनीत कॅल्शियम साचलेल्यांच्या रक्तात ते बरेचदा वाढलेलं सापडतं. गंमत म्हणजे प्रयोगातल्या उंदरांत ते नसलं की धमन्यांत कॅल्शियम साचतं. म्हणजे ही वाढ कदाचित बचावाची धडपड. त्यात वय वाढलं, मूत्रपिंड बिघडलं तरी आकडा चढतो. एखाद्या माणसाला त्या एका आकड्यावरून काय सांगणार?

सोनोग्राफीत धमनीच्या भिंतीची जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात, चरबीचा थर तर सरळ दिसतो. माझं मत तिलाच, तेही डॉक्टरांनी सुचवली तर.

‘आणि सराफ्याच्या खाऊगल्लीतले तळलेले गराडू कंद?’ काकांनी विचारलं. काकूंनी नुसतं पाहिलं.