स्लो-मोशनवाला सेकंडहँड फोन: अख्खा हिवाळा वॉकर्सच्या सरावात वापरल्यावर

लिहायचं बरेच दिवस राहून जात होतं, पण परवा सर्व्हिस सेंटरवाल्याने जे ऐकवलं त्याने डोकंच फिरलं, म्हणून आज लिहूनच टाकतो. फोनची रॅम, प्रोसेसर वगैरे सगळ्यांना माहीत आहे, ते सोडा. मी नाशिकला रेसवॉकिंगची, म्हणजे वेगाने चालण्याच्या शर्यतीची, पोरं-पोरी तयार करतो आणि हा फोन एकाच कामाला घेतला, सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो-मोशन. सिमसुद्धा टाकलेलं नाही.

आपल्याकडची ओपन नॅशनल रेसवॉकिंग बहुतेक वेळा हिवाळा सरता सरता असते, गेल्या काही वर्षांत रांचीला नाहीतर चंदिगडला, म्हणजे दिवाळीनंतर जो काय पाया घालायचा तो थंडीतच. किलोमीटर वाढत जातात, पोरं दमतात, आणि दमली की आधी गुडघा वाकतो. नियम कडक आहे, पाय टेकल्यापासून तो अंगाखाली सरळ उभा येईपर्यंत गुडघा वाकता कामा नये आणि दोन्ही पाय एकदम जमिनीवरून सुटलेले पंचाच्या डोळ्याला दिसता कामा नयेत. शंका आली तर पिवळी पाटी, दोष दिसला तर लाल कार्ड, वेगवेगळ्या पंचांची ३ लाल कार्डं झाली की २० किलोमीटरला पेनल्टी झोनमध्ये २ मिनिटं, चौथं आलं की शर्यत संपली. महिनोन्‌महिन्यांची मेहनत एका गुडघ्यापायी जाते हो, फार वाईट वाटतं.

बरं, साध्या व्हिडिओत हे का दिसत नाही? सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे दोन फ्रेममध्ये ३३ मिलिसेकंद, आणि साधारण ४० मिलिसेकंदांच्या खालची उडी माणसाच्या डोळ्याला सहसा दिसतच नाही, म्हणजे सगळा खेळ त्या दोन फ्रेमच्या मधेच होऊन जातो. २४० वर तेच ४० मिलिसेकंद नऊ-दहा फ्रेममध्ये पसरतात, बोटाने एकेक फ्रेम सरकवत मोजता येतात. अक्षदीप सिंगने २०२४ ला चंदिगडला २० किलोमीटर १ तास १९ मिनिटं ३८ सेकंदांत काढले, म्हणजे किलोमीटरला ४ मिनिटांच्याही आत, त्या वेगाला नुसत्या नजरेने कोचिंग करणं अवघडच.

आता तक्रार. उजेड! डिसेंबरपर्यंत मी म्हणत होतो पैसे पाण्यात गेले. आमचा सराव पहाटे, पोरांना पुढे कॉलेज असतं, आणि जानेवारीत नाशिकला सूर्य उगवायलाच सात वाजून जातात. अंधारात २४० वर नुसते काळे ठिपके, आणि रस्त्याच्या दिव्याखाली काढलं तर अख्खा व्हिडिओ लुकलुकतो कारण आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं. चार्जिंगचा एलईडी आणून बघितला, त्याचे तर आडवे पट्टे. जाहिरातीत हे एका ओळीत लिहायला काय जातं?

मग रविवार बदलला. आठवडाभर अंधारात नुसते किलोमीटर, आणि टेक्निक फक्त रविवारी ऊन आल्यावर. फोन छोट्या स्टँडवर गुडघ्याच्या उंचीला, बाजूने, सात-आठ मीटरवर. आणि इथे माझं मत पार फिरलं! एका पोरीचा डावा गुडघा टाच टेकताना किंचित वाकलेला, पण फक्त पहिल्या दीड-दोन किलोमीटरला, पुढे एकदम सरळ. शक्ती कमी पडत नव्हती, थंडीने मांडीमागचे स्नायू आखडलेले असायचे, निफाडकडून येते ती, तिकडे पारा पाच-सहावर जातो. वॉर्म-अप वीस मिनिटांनी वाढवला, पाय झोके देण्याचे व्यायाम आधी घेतले, नडगी दुखायची तीही कमी झाली. पुढच्या रविवारी तिला क्लिप दाखवली तर स्वतःच म्हणाली, सर, आता सरळ आहे. यासाठी कितीही पैसे दिले असते मी.

आणि ऐन स्पर्धेच्या तोंडावर कॅमेरा थरथरायला लागला, फोकस धरेना, आतून खडखड आवाज. अधिकृत सर्व्हिस सेंटरने आठवडाभर ठेवून घेतला, मग सांगितलं अख्खा कॅमेरा बदलावा लागेल, खर्च फोनच्या निम्म्या किमतीएवढा, जुना पार्ट परत मिळणार नाही, आणि वर म्हणे स्लो-मोशन कोण वापरतं. अरे, मी वापरतो ना! शेवटी इथल्याच शालिमार भागातल्या एका दुकानात तासाभरात पार्ट बदलून मिळाला, पैसे सर्व्हिस सेंटरच्या चौथ्या हिश्शाएवढे, जुना पार्ट हातात. चित्र आता स्थिर आहे, फक्त कडा थोड्या मऊ येतात, गुडघा बघायला काही अडत नाही.

आता २०२६ पासून मोठ्या स्पर्धांत २० आणि ३५ किलोमीटरऐवजी हाफ मॅरेथॉन आणि मॅरेथॉनएवढं चालायचं आहे, ३५ वाल्यांना सात किलोमीटर जास्त, म्हणजे दमलेला गुडघा आणखी उशिरापर्यंत बघत बसायचंय. तेव्हा कोच लोकांनी घ्यावा असंच मी म्हणेन, पण घेताना दुकानातल्या झगमगाटात बघू नका, संध्याकाळी बाहेर रस्त्याच्या दिव्याखाली २४० वर एक क्लिप काढा, फोन कानाशी हलवून खडखड येते का ऐका, आणि मगच पैसे द्या.