सरकारी जंगलातील लाकडाचा लिलाव : सॉ मिल चालवणाऱ्याचा अभिप्राय

वनखात्याच्या लिलावातून गेली काही वर्षे आमच्या सॉ मिलसाठी, म्हणजे लाकूड कापण्याच्या गिरणीसाठी, माल घेतल्यावर माझे मत असे झाले आहे की मोजमापाच्या बाबतीत या सेवेला तोड नाही. प्रत्येक ओंडक्यावर लांबी, घेर आणि लॉट क्रमांक ठळक लिहिलेला असतो व कापलेल्या तोंडावरचा हातोड्याचा शिक्का पाहून माल कायदेशीर असल्याची खात्री पटते. प्रतवारीही बहुधा चोख असते, मात्र मागच्या खेपेला पहिल्या प्रतीच्या लॉटमधील दोन ओंडके करवतीखाली जाताच आतून पोकळ निघाले.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे. गिरणीला वर्षभर माल लागतो, पण कटाईचा आराखडा बदलला की लिलाव पुढे ढकलले जातात, भाव चढतात आणि साठा करण्याइतके भांडवल नसलेल्या लहान गिरण्या आधी बंद पडतात. अमेरिकेच्या वायव्य भागात १९९० साली जुन्या जंगलांत राहणाऱ्या ठिपकेदार घुबडाला कायद्याचे संरक्षण मिळाल्यानंतर सरकारी जंगलांतील विक्री झपाट्याने घटली आणि तिथल्या अनेक गिरण्यांना टाळे लागले. जंगल राखलेच पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. पण पुढील दोन-तीन वर्षांत किती लाकूड विक्रीला येणार हे आधी जाहीर झाले, तर आम्हाला कामगार टिकवता येतील. लहान लॉटही वाढवावेत, म्हणजे छोट्या गिरणीला बोली लावणे परवडेल.